काविळीची माळ

आई, आज मी पपईच्या पानांचा रस काढला. पानं धुऊन, मिक्सरमधून फिरवून, फडक्यातून पिळून, जेमतेम अर्धा पेला निघाला. इथे भाईंदरच्या इंद्रलोकला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून पपईचं एक झाड आपोआप उगवलंय, आणि डेंग्यूच्या दिवसांत त्याच्यावर पान म्हणून उरत नाही. वॉचमनला शिडी लावायला सांगून शेंड्याजवळची दोन पानं काढून घेतली. रस खालच्या मजल्यावरच्या मुलीसाठी होता. ती अकरावीत आहे, परवाच हॉस्पिटलातून घरी आली. तिच्या आईने मला जिन्यात सांगितलं की डेंग्यू झाला होता, प्लेटलेट्स फार उतरल्या होत्या. सांगताना तिने पाठीमागे दार अर्धवट ओढून धरलं होतं. ते दार धरणं मी ओळखलं. तोंडाने ती माझ्याशी बोलत होती, पण कान आत होते, आत काही आवाज येतोय का, की येईनासा झालाय, याकडे. तूही कितीतरी महिने अशीच दार धरून उभी असायचीस.

मी रस घेऊन गेले तेव्हा त्या बाईच्या जिवात जीव आला. तुम्ही दहा मिनिटं बसताय ना, मी खाली मेडिकलमध्ये जाऊन येते, असं म्हणून ती निघाली, आणि चपला घालता घालता तिने दोनदा मागे वळून पाहिलं. मुलगी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिने पेल्यातला हिरवा रस पाहिला, मग मला पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "काकी, हे मला प्यायलाच पाहिजे का? मला डेंग्यू नाहीये."

मी म्हटलं, "माहितीये. मलाही कावीळ नव्हती."

तिला अर्थातच काही कळलं नाही. मग मी तिला सरळ सांगितलं, जे इतक्या वर्षांत नवऱ्याखेरीज कोणालाही सांगितलेलं नाही. "तुझ्याएवढी असताना मीही मरायला निघाले होते, आणि माझ्या आईने सगळ्यांना कावीळ झाली म्हणून सांगितलं होतं." ती रडली नाही, माझा हात धरला नाही, काही नाही. तिने फक्त विचारलं, "मग?"

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या, तिची आई आली, आणि मी उद्या येते म्हणून उठले. भरलेला पेला मी तसाच परत घेऊन निघाले. तिच्या आईने तो पाहिला आणि काही विचारलं नाही. घरी आल्यापासून त्या 'मग'पाशी बसलेय. मग काय झालं ते उद्या तिला सांगायचंय. मनातल्या मनात सांगून बघते तर दर वेळी एका जागी येऊन अडतं, आणि तिथलं पुढचं तुलाच ठाऊक आहे. म्हणून आधी तुला लिहून बघते.

आपण लालबागची खोली विकून मीरा रोडला आलो तेव्हा मी नववीत होते. तुला फ्लॅट हवा होता, म्हणजे खरं तर घरातला संडास हवा होता, आणि तो मिळाला. फक्त त्यात ओतायला पाणी नव्हतं. हे वाक्य बाबांचं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते ऐकवायचे आणि तू दर वेळी तोंड फिरवून हसायचीस. चार मजल्यांच्या नव्या बिल्डिंगा, मधे गुडघाभर गवत, पलीकडे मिठागरं, आणि दिवेलागणीला बेडकांचा एवढा कालवा की टीव्ही मोठा करावा लागे. चाळीत आपलं दार दिवसभर उघडं असायचं. इथे दार लावायचं असतं हे तू थोड्या दिवसांत शिकलीस. मला ते जमलं नाही. दार लागलं की मला वाटायचं, घरात कोणीतरी रागावलंय.

त्यानंतर मला काय होत गेलं ते नीट सांगता येत नाही. लोकांना एक कारण हवं असतं. नापास झाली का, कोणा मुलाचं काही होतं का, घरी मारलं का. अकरावीला सायन्स मला झेपत नव्हतं हे खरं. कॉलेजात माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं हे खरं. बाबा उशिरा येऊन गप्प जेवायचे आणि तू तर मुळातच कमी बोलणारी, हेही खरं. पण यातलं कुठलंही कारण म्हणून पुरत नाही, सगळी मिळूनसुद्धा पुरत नाहीत. मला आठवतं ते एवढंच की हळूहळू सगळ्याची चव गेली. पेरू खाल्ला तर ओला कागद खाल्ल्यासारखा लागायचा. कोणी हाक मारली तर ओ द्यायला फार लांबून चालत यावं लागायचं. आज याला नाव आहे, औषध आहे, खालच्या मुलीला ते नाव माझ्याआधी माहीत असेल. तुला तेव्हा दिसलं ते असं की पोरगी आळशी झालीये. "उन्हं अंगावर आली, ऊठ गो बाय," तू म्हणायचीस. मी कूस बदलायचे.

मी जे केलं त्याबद्दल काही लिहिणार नाही. तू कधी विचारलं नाहीस आणि त्या मुलीलाही मी त्यातलं काही सांगणार नाही. पुढचंच सांगण्यासारखं आहे. हॉस्पिटलात मला जाग आली तेव्हा तू खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसली होतीस आणि तुझ्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, एक तुझी, एक बाबांची. मी बराच वेळ त्या चपलांकडेच बघत होते. त्या काळी हे असं करणं गुन्हा होता, पोलीस यायचे. हवालदार येऊन गेला आणि बाबा हात जोडून व्हरांड्याच्या टोकापर्यंत त्याच्यामागे चालत गेले. त्याने काय लिहून घेतलं कोण जाणे, पुढे काही झालं नाही. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी तुला पडद्यापलीकडे नेलं. तरुण होते, आवाज खाली ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तुला दोन गोष्टी सांगितल्या, हिला एकटीला ठेवू नका आणि हिच्याशी बोला. तू "बरं" म्हणालीस, गोळ्या कधी द्यायच्या हे सांगितल्यावर म्हणतात तसं.

बिल्डिंगच्या जिन्यातच दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन समोर आल्या. "क्या हुआ, भाभी, बेबी को?" बाबा काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "कावीळ." मग हिंदी शब्द आठवून, "पीलिया." तुला खोटं बोलता यायचं नाही, साध्या वाणसामानाच्या भावातसुद्धा तू बाबांना खरं सांगून मोकळी व्हायचीस. पण हे खोटं असं बसलं की कोणाला शंका येऊ नये. टँकरच्या पाण्यावर जगणारी बिल्डिंग ती, वर्षाला एक-दोन घरांत कावीळ असायचीच. दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. बेन रोज स्टेशनजवळच्या गुऱ्हाळातून उसाचा रस आणायच्या, स्टीलच्या डब्यातून, वर फडकं बांधून. कोणी मुळे दिले, कोणी भाजलेले चणे. समोरच्या घरातल्या आजी ताक आणायच्या आणि माझ्या खालच्या पापण्या ओढून बघायच्या. "अजून आहे हो पिवळं थोडं," असं सांगूनही जायच्या. त्या गेल्या की तू आरशासमोर जाऊन आपल्या पापण्या ओढून बघायचीस, पिवळं म्हणजे नक्की कुठे बघतात ते.

आणि तू बोलायला लागलीस. आज त्या दिवसांचं मला सगळ्यात जास्त काही आठवत असेल तर तुझं ते बोलणं. डॉक्टरांना काय म्हणायचं होतं ते मला आता कळतं. जे झालं त्याबद्दल बोला, मनात काय आहे ते विचारा. तू त्यांचं वाक्य जसंच्या तसं पाळलंस. तिच्याशी बोला, तर बोलायचं. दुधाची पिशवी कशी फाटली, टँकरवाला कोणाशी भांडला, फ्लॉवर किती महागला. हे सगळं सकाळीच संपायचं. मग तू गुहागरात शिरायचीस. तुझ्या माहेरी परसात भोपळ्याचा वेल होता, तो कुंपणावरून शेजाऱ्यांच्या छपरावर गेला आणि त्याला जो भोपळा लागला तो कोणाचा, यावरून दोन घरं वर्षभर बोलत नव्हती. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन. दर वेळी भोपळा थोडा मोठा व्हायचा. तेही संपलं की तू वर्तमानपत्र घेऊन छोट्या जाहिराती मोठ्याने वाचायचीस. पाहिजेत, नको झालेत, भाड्याने देणे आहे. जिला चार वाक्यं सलग बोलायची सवय नव्हती ती बाई दिवसभर बोलून बोलून आवाज बसवून घ्यायची आणि रात्री मिठाच्या पाण्याने गुळण्या करायची. मी मोरीत गेले तरी तू दाराबाहेर पाट टाकून बोलत राहायचीस, कारण दाराला कडी नव्हती. बाबांनी आतल्या खोलीची आणि मोरीची, दोन्ही कड्या काढून ठेवल्या होत्या. स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. ती दिसली की मला आधी राग यायचा, मग राग येण्याचाही कंटाळा यायचा.

काविळीचं पथ्य सगळ्या घराने पाळलं. बिनतेलाची, बिनहळदीची मुगाची खिचडी, उकडलेला दुधी, ज्वारीची भाकरी. वेगळा स्वयंपाक करायचा म्हटलं तर फोडणीचा वास जिन्यात जाईल आणि कोणी विचारेल, म्हणून बाबांनाही तेच. सुक्या बोंबलाशिवाय ज्यांचा घास उतरायचा नाही ते बाबा पांढऱ्या खिचडीत पाणी घालून मुकाट जेवायचे. एकदा मी ताट सारून म्हटलं, मला कावीळ नाहीये, कशाला चाललंय हे नाटक. तू आधी खिडकी लावलीस. मग ताट परत माझ्यासमोर ठेवलंस. "नाटक तर नाटक," तू म्हणालीस. "नाटकातली माणसं पण जेवतात. जेव." त्या सगळ्या दिवसांत तू माझ्यावर रागावलीस ती तेवढीच एकदा. मी जेवले.

जवळच्या पेणकरपाड्याला जायचं बेननी काढलं. त्यांच्या जावेची कावीळ तिथल्या एका म्हाताऱ्या बाईच्या माळेने उतरली होती. "दवाई अपनी जगह, भाभी, पर पीलिया तो माला से ही जाता है." तू आज नाही, उद्या नाही, असं म्हणत टाळलंस. शेवटी त्या स्वतःच रिक्षा घेऊन आल्या तेव्हा नाही म्हणायला जागा राहिली नाही. पाड्यात तेव्हा कौलारू घरं होती, अंगणात जाळी वाळत टाकलेली. म्हातारीने मला उजेडात बसवलं, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "डोलं तर पांढरं हायेत गो हिचं."

बेन रिक्षावाल्याशी बोलत होत्या, त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. तू पुटपुटलीस की हॉस्पिटलात होती, बरीच उतरली.

"आगं मंग माल कसाला?"

मला वाटलं, आता उठशील. तू म्हणालीस, "तरी बांधा."

म्हातारीने तुझ्याकडे पाहिलं आणि बांधली. कसल्याशा झाडाच्या बारीक काटक्यांचे तुकडे, दोऱ्यात एकेक गाठ मारून ओवलेले, टाळूवर बसेल एवढंच कडं. तिने ते माझ्या डोक्यावर ठेवलं आणि पिनांनी अडकवलं. तेल न्हाय, हलद न्हाय, आंबट न्हाय. जशी कावीळ उतरेल तशी माळ वाढेल, कानांवरून गळ्यात येईल, मग छातीवर, आणि पोटाला टेकली की पोरगी बरी झाली, वाहत्या पाण्यात सोडायची. आणि एक. "हात न्हाय लावाचा. माल आपल्या आपन उतरल."

परतताना रिक्षात तुझा चेहरा असा होता की मला हसू येईल असं वाटलं, आलं मात्र नाही. कावीळ नाही तर माळ उतरणार कशी? आणि बघायला सगळी बिल्डिंग. रोज सकाळी तू उठल्या उठल्या माझ्या डोक्याकडे बघायचीस. माळ होती तिथेच, तुळशीच्या कठड्यासारखी घट्ट. बेन यायच्या, बघायच्या, च्‌ च्‌ करायच्या. ताकवाल्या आजी म्हणाल्या, फार मुरलेली दिसते हो कावीळ. तू त्यांच्यामागे दार लावून तिथेच दाराला पाठ टेकून उभी राहिलीस. मी पलंगावरून बघत होते. मला पहिल्यांदा कळलं की तुला फक्त लोकांची भीती नाही वाटत. खोटी कावीळ, खोटी माळ हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं, तरी ती माळ उतरत नाही म्हणून तू आतून हलली होतीस.

मग ती उतरायला लागली. आधी कपाळावर आली, मग एक दिवस कानांवरून गळ्यात पडली. त्या सकाळी तू माझ्या गळ्यातल्या त्या काटक्यांकडे बघत राहिलीस आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. बाबांना ऑफिसला जाताना तू जिन्यापर्यंत जाऊन सांगून आलीस. बेननी साखर वाटली. मी गाऊन घालायचे, पुढे बटणं असलेला, आणि तू माळ कुठल्या बटणाशी आली ते बघायचीस. पहिल्याशी आली. काही दिवसांनी दुसऱ्याशी आली.

दुसऱ्या बटणाशी होती त्या दिवसांतली एक दुपार. तू मला खिचडी वाढलीस आणि मी विचारलं, "लोणचं आहे का गं?" तुझा हात थांबला. मी किती महिन्यांनी काहीतरी मागितलं होतं, हे तुझा हात थांबला तेव्हा माझ्या लक्षात आलं. "कावीळ आहे ना तुला," तू म्हणालीस. सवयीने गेलं तोंडून. म्हातारीने सांगितलं होतं, आंबट न्हाय. तू बरणीकडे पाहिलंस, दाराकडे पाहिलंस, मग उठून खिडकी लावलीस आणि कैरीची एक फोड, अगदी नखाएवढी, माझ्या ताटात ठेवलीस. ती मला आंबट लागली, खारट लागली, तिखट लागली. मी म्हटलं, अजून. तू म्हणालीस, माळ अडेल गो. आणि अजून एक ठेवलीस. ती पूर्ण दुपार तू भोपळ्याची गोष्ट सांगितली नाहीस, जाहिराती वाचल्या नाहीस, बोललीच नाहीस. माझ्याजवळ आडवी होऊन चक्क झोपलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ तिसऱ्या बटणाच्याही खाली होती.

पुढचं लवकर झालं. ती पोटाला टेकली तेव्हा आपण दोघी रिक्षाने भाईंदरच्या खाडीवर गेलो. ओहोटी लागली होती, पाणी समुद्राकडे चाललं होतं. धक्क्यावर मासळी वेचणाऱ्या बायका होत्या, तू त्यांच्यापासून लांब जाऊन उभी राहिलीस. मी माळ काढून टाकली. ती बुडाली नाही, काटक्याच त्या, लांबपर्यंत दिसत राहिल्या. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "परत कावीळ झाली तर आधी मला सांगशील?"

मी म्हटलं, सांगेन.

"झोपले असले तरी उठव."

"हो."

"पाहुणे असले तरी."

"हो गं आई, सांगितलं ना." मी चिडून म्हटलं आणि तू हसलीस. मी चिडले याचाच तुला आनंद झाला असणार. घरी आलो तर बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन मोरीच्या दाराला कडी बसवत होते. मी आत जाऊन कडी लावली, आणि पहिल्यांदाच बाहेर तुझा पाट नव्हता.

त्या मुलीला मी इथे थांबून 'आणि मग मी बरी झाले' असं सांगणार नाही. तसं झालं नाही, आणि तिला पुढे तसं झालं नाही तर तिला वाटेल, चूक तिचीच. मी सायन्स सोडलं, आर्ट्सला गेले, मैत्रिणी झाल्या, आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ती चव पुन्हा जायला लागली. तू कणीक मळत होतीस, घरात मामा आले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हटलं, "आई, परत कावीळ वाटतेय." तू तशीच पिठाच्या हातांनी माझ्याजवळ येऊन बसलीस. मामांना त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं. त्याच आठवड्यात तू मला शहरातल्या मनाच्या आजारांच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलीस, जिथे तोपर्यंत आपल्या घरातलं कोणी गेलं नव्हतं आणि ज्याचं नाव चाळीत शिवीसारखं घ्यायचे. रांगेतले सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. तू शेजारच्या बाईला मीरा रोडचं पाणी, टँकर, गुहागर सगळं सांगून टाकलंस. ती बोलायची सवय तुला कायमची लागली होती. आत गेल्यावर मात्र तू कावीळ म्हटलं नाहीस. डॉक्टरीण बाईंनी विचारलं तेव्हा जे झालं होतं ते त्याच्या खऱ्या शब्दांत सांगितलंस, माझ्यासमोर, एकदाच, आवाज न कापता. त्या शब्दाने मला बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. गोळ्या दीड-दोन वर्षं चालल्या. मधे एकदा सोडल्या, परत घ्याव्या लागल्या. त्यानंतरही दोनदा तुला सांगितलं, आणि तू गेल्यावर एकदा नवऱ्याला. त्याला आधी कावीळ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं.

माझ्या लग्नात बेन आल्या होत्या, आठवतं ना? तोवर त्या बोरिवलीला राहायला गेल्या होत्या. मी पाया पडले तर त्यांनी माझी हनुवटी वर केली, म्हातारीने केली होती तशी, आणि डोळ्यांत बघितलं. मी हसून म्हटलं, बेन, अब पीला नहीं है. त्या म्हणाल्या, "पीला तो तब भी नहीं था, बेटा." आणि पुढच्या पंगतीला गेल्या. म्हणजे त्यांना माहीत होतं. उसाचा रस आणताना, रिक्षा घेऊन येताना, साखर वाटताना. त्या ताकवाल्या आजींनाही माहीत असेल, कोण जाणे. मी हे तुला सांगितलं नाही, आपण एवढं सांभाळलेलं उघडं होतं हे तुला कळू नये म्हणून. आज पपईची पानं पिळताना मला त्यांच्या डब्यावरचं ते फडकं आठवत होतं.

आता अडतं ते. तुझ्या शेवटच्या आजारपणात मी तुझ्या उशाशी बसून फ्लॉवरचे भाव सांगत होते तेव्हा विचारायचं होतं, पण विचारलं नाही. आई, ती माळ मी ओढत होते. मोरीत, तू बाहेर पाटावर बसून भोपळ्याचं सांगत असताना, मी आत एकेक गाठ नखाने थोडी थोडी सैल करायचे. तुझं हसं होऊ नये म्हणून सुरुवात केली. मग तू सकाळी माळ बघून कशी दिसशील ते बघायचं म्हणून करत राहिले. रात्री झोपताना उद्याच्या सकाळची वाट बघायचे, आणि आपण वाट बघतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही. या माळेच्या गाठी कोणाच्याही डोक्यावर आपोआप सैल होतात, असं पुढे कोणीतरी मला सांगितलं. होत असतील. पण ज्या दिवशी मी लोणचं मागितलं त्या दिवशी, त्या नादात, मी माळेला हात लावायचा विसरले होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका बटणाहून जास्त उतरली होती.

उद्या त्या मुलीला मी हे सांगेन आणि ती विचारेल, मग कोणी ओढली? मला माहीत नाही, असं मी म्हणेन, आणि ते खरं असेल. तू असतानाची सगळी वर्षं माझ्याकडे होती, 'त्या रात्री तू ओढलीस का?' एवढं एक वाक्य विचारायला पुरलं असतं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस तर मला चाललं नसतं.